अपघात नाही, एकच मालक

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

हे माझ्या धाकट्या काकांच्या बाबतीत घडलं. दोन वर्षांपूर्वी, हिवाळ्यातल्या एका मंगळवारी.

रात्रीचे किती वाजले होते, असं मात्र विचारू नका. रात्र नव्हतीच. दुपारचे तीन वाजले होते आणि लख्ख ऊन पडलं होतं.

काका जुन्या गाड्या तपासतात. कुणाला सेकंडहँड स्पोर्ट्स कार घ्यायची असली की तो आधी काकांना गाठतो. बाजारात त्यांचं नाव 'एक्सरे'. गाडीच्या आत काय मोडलंय ते त्यांना बाहेरून कळतं. ते लांबून येताना दिसले तरी डीलर लोकांचा चेहरा पडतो.

काकू गेली त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. दोन खोल्या, एक खिडकी, खिडकीत काकूचा चष्मा अजून तसाच. मी फोन केला की काका आधी खाकरून घसा मोकळा करायचे. त्यावरून मला कळायचं… आज दिवसभरात हे त्यांचं पहिलंच बोलणं आहे.

तर त्या मंगळवारी दातांच्या एका डॉक्टर बाईंनी त्यांना पाठवलं होतं. बाईंना दवाखाना सोडून जाता येत नव्हतं. गाडीचा फोटो बघून त्या हरखून गेल्या होत्या. गडद निळी, दोन सीटची, पाच वर्षं जुनी. जाहिरातीत लिहिलं होतं, 'अपघात नाही, एकच मालक.'

डीलरची शेड टायरच्या दुकानांच्या मागे होती. वर पत्रा, खाली सिमेंटची फरशी. बाकीच्या गाड्या दाटीवाटीने उभ्या होत्या.

निळी गाडी एकटीच होती. तिच्या आसपास कुणी दुसरी गाडी लावलीच नव्हती.

काकांनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गरम.

"सकाळपासून चालू करू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"अहो, जागेवरून फक्त जरा हलवली," डीलर हसत म्हणाला.

गार इंजिन पहिल्यांदा चालू होताना खरं बोलतं. म्हणून लबाड डीलर ते आधीच तापवून ठेवतो. काकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

त्यांनी रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं. छत ठीक. बॉनेट ठीक. चालकाची बाजूही ठीक.

शेजारच्या सीटच्या दारावर मात्र आकडा चौपट.

म्हणजे रंगाच्या खाली पोचे भरायची पुट्टी. दाराच्या बिजागरीचे बोल्ट पान्याने खरवडलेले. त्या एकाच खिडकीची काच, कोपऱ्यातल्या छापील सालावरून, इतर काचांपेक्षा दोन वर्षांनी नवी. त्या सीटच्या पट्ट्याच्या मुळाशी शिवलेल्या चिठ्ठीवरही तेच, दोन वर्षांनी नवी तारीख.

सीटचा पट्टा कुणी हौसेने बदलत नाही. जोरात ठोकर बसली, आणि त्या वेळी त्या पट्ट्यात कुणी असलं, तरच तो बदलावा लागतो.

काका वळसा घालून पलीकडे गेले. चालकाच्या जागेवर बसले, चावी फिरवली.

टिंग… टिंग… टिंग…

शेजारच्या माणसाने पट्टा लावलेला नाही, असं गाडी सांगत होती.

शेजारी कुणीच नव्हतं.

"सेन्सर बिघडलाय हो," डीलर लांबूनच म्हणाला. "सगळ्याच गाड्यांत होतं हे."

काकांनी आपलं तपासणीचं यंत्र जोडलं. सेन्सर ठणठणीत होता. पडद्यावर स्वच्छ दिसत होतं… शेजारच्या सीटवर कुणीतरी बसलेलं आहे.

त्यांनी हात लांब करून सीट चाचपली. रिकामी.

पण थंड नव्हती.

बॉनेट गरम असण्याला कारण होतं. सीट गरम असण्याला नव्हतं.

"चक्कर मारून बघतो," काका म्हणाले. "चला, बसा."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. डीलर चक्कर मारताना कधीही एकट्याला सोडत नाही. शेजारी बसून तो अखंड बडबडतो, गाणी मोठ्याने लावतो, म्हणजे गाडीतले बारीक आवाज ऐकू येत नाहीत.

हा डीलर दोन पावलं मागे सरकला.

"तुम्हीच जाऊन या की. तुमच्यावर काय अविश्वास!"

शेडमधले दोघे कामगारही खाली मान घालून फडक्याने आधीच पुसलेली काच पुसायला लागले.

टिंग… टिंग… आवाज काही थांबेना. मग काकांनी शेजारचा पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून घेऊन खाचेत अडकवला. खट्.

आवाज थांबला.

टायरच्या दुकानांपुढे मोठा रस्ता आहे. दुपारची वेळ, वाहनं तुरळक. काकांनी खिडक्या बंद केल्या, म्हणजे आवाज नीट कळतात. इंजिन उत्तम होतं. गिअर लोण्यासारखे पडत होते.

पहिल्या वळणावर शेजारून आवाज आला.

सर्रर्र…

पट्टा सुटताना होतो तसा. कुणी पुढे वाकलं की होतो तसा.

काकांनी नजर वळवली नाही. जुना माणूस, रस्त्यावरची नजर हलवायची नाही ही सवय. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना दिसलं. पट्टा सीटला टेकलेला नव्हता. हातभर पुढे आला होता.

मग हळूहळू मागे गेला.

काका म्हणाले, त्या वेळी त्यांना वाटलं गाडी तिथेच सोडून पळावं. पण बाईंना शब्द दिला होता. ब्रेक तपासायचे राहिले होते. रस्ता मोकळा बघून त्यांनी ब्रेक जोरात दाबला.

गाडी जागच्या जागी थांबली.

शेजारचा पट्टा ताठ झाला. नुसता ताठ नाही… मधे बाक आला त्याला. खांद्यापाशी, मग छातीपाशी. जसा माणसावर येतो.

आणि काकांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "लागलं का गं?"

काकू शेजारी असायची तेव्हा ब्रेक दाबला की ते हेच विचारायचे. तीस वर्षं विचारलं होतं. जीभ चार वर्षांत विसरली नव्हती.



शेजारची काच, तीच नवी काच, आतून धुरकट झाली. तळहाताएवढीच. मग पुसट झाली. मग पुन्हा धुरकट.

कुणीतरी तोंड फिरवून बाहेर बघत होतं आणि श्वास घेत होतं.

काका किती वेळ थांबले ते त्यांना आठवत नाही. मागून कुणीतरी हॉर्न दिला तेव्हा ते भानावर आले. परत येताना त्यांनी गाडी अगदी सावकाश चालवली. एकही खड्डा लागू दिला नाही.

शेडमध्ये डीलर वाट बघत उभाच होता.

"काय… काही बोलली का?"

काका उतरता उतरता थबकले. "कोण?"

"गाडी हो!" डीलर गडबडला. "दुसरं कोण बोलणार?"

काकांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "हिला शेजारच्या बाजूने मोठी ठोकर बसलेली आहे. तुम्ही लपवलंत."

"मी याच अवस्थेत घेतली, शपथ."

"त्या सीटवर कोण होतं?"

डीलरने कामगारांकडे एकदा पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "कागदावर मालकाचं नाव असतं साहेब. शेजारी कोण बसतं, ते कुठे लिहितात?"

काकांनी तिथूनच बाईंना फोन लावला.

"इंजिन चांगलं आहे, पण दाराला बसलेली ठोकर लपवलीय. घेऊ नका."

"पण इंजिन चांगलं आहे म्हणताय ना? दार काय, पुन्हा दुरुस्त करून घेता येईल," बाई हिरमुसल्या.

"बाई, जो माणूस एवढं लपवतो, तो आणखी काय लपवत असेल? नका घेऊ."

बाईंनी ऐकलं. त्यांच्यापुरता विषय तिथेच संपला.

काका बसने घरी आले. हातपाय धुतले, खिडकीपाशी बसले. आणि एकदम त्यांना आठवलं.

शेजारचा पट्टा त्यांनी सोडलाच नव्हता.

रात्रभर त्यांच्या डोक्यातून ते जाईना. सकाळी शेड उघडायच्या आधीच ते तिथे हजर. निळ्या गाडीची जागा रिकामी होती. परगावचा एक माणूस काल संध्याकाळीच घेऊन गेला होता. त्याने काहीही तपासलं नव्हतं.

"पट्टा?" काकांनी विचारलं.

"लावलेलाच होता. मी म्हटलं, राहू दे… निदान आवाज तरी करत नाही."

हे सगळं काकांनी मला सांगितलं ते आठ महिन्यांनी. तोवर ते मनातल्या मनात कुढत होते. मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"पहिल्या वळणाला वाटली," ते म्हणाले. "मग नाही. इतकं हळू श्वास घेत होती ती. कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून घेतात तसा."

तेव्हापासून ते ती गाडी शोधतायत. दर रविवारी माझ्याकडे येतात. जुन्या गाड्यांच्या जाहिराती मी त्यांना फोनवर लावून देते. निळी, दोन सीटची दिसली की फोटो मोठा करून बघतात. बॉनेट नाही, चाकं नाहीत. फक्त शेजारची सीट.

मागच्या रविवारी एका फोटोवर ते थांबले.

मला तर रिकामी सीट दिसत होती. काका बघत राहिले, बघतच राहिले. चेहरा असा उजळला की काकू गेल्यापासून मी तसा पाहिला नव्हता.

"नंबर घे," ते म्हणाले. "कुठे बघायला मिळेल, विचार."

ते गेल्यावर मी फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"आहे ना, आहे अजून," पलीकडचा माणूस म्हणाला. "तिसऱ्यांदा परत आलीय. तुम्हाला हवी असेल तर आजच घेऊन जा. पण… एकटा राहणारा कुणी आहे का घरात? कारण ज्यांनी ज्यांनी परत आणली ना, ते सगळे म्हणाले, आमच्याकडे माणसं फार आहेत, तिला करमत नाही."

मी फोन ठेवला.

काकांना सांगितलं, कुणी उचलतच नाही.

आज चार दिवस झाले. रोज संध्याकाळी ते फोन करतात. आता घसा खाकरत नाहीत. आवाज आधीपासूनच मोकळा असतो, दिवसभर कुणाशी तरी बोलत असल्यासारखा.

"उचलला का गं त्याने?"

"नाही काका," मी म्हणते. "उद्या बघते."