जिनोआला जाणारी बोट

विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. पण यातलं एक अक्षरही बनवलेलं नाही.

मी कल्याणी. राहते लंडनमध्ये, ईलिंगला. आमचं घर बौद्ध. भूतखेत, अंगारेधुपारे यांना इथे थारा नाही. देवऋषीचं नुसतं नाव काढलं तरी माझ्या आईचा पारा चढायचा. मीही तिचीच लेक.

गेल्या नोव्हेंबरातला शनिवार. रात्र नव्हती, चांगली दुपार होती.

माझा धाकटा भाऊ सम्यक मालवाहू जहाजावर होता. जहाज इटलीत जिनोआ बंदराला लागलं आणि तो आजारी पडला. हॉस्पिटलमधून निरोप आला, लवकर या.

माझा पासपोर्ट भारताचा. व्हिसाशिवाय इटलीत पाऊल ठेवता येत नाही आणि व्हिसाची तारीख मिळत नव्हती. माझा नवरा इंद्रजित, त्याचंही तेच. ब्रिटिश पासपोर्ट घरात एकटीचा, आमच्या मनालीचा. नुकती युनिव्हर्सिटीत गेलेली पोर.

जिनोआची विमानं भरलेली. मिलानचीही. शेवटी फ्रान्समधल्या नीसपर्यंत विमान आणि पुढे समुद्राकाठच्या ट्रेनने सरहद्द ओलांडून जिनोआ, असं ठरलं.

निघताना मी तिला बजावलं, "अडलीस तर मामाला फोन करून विचार. तो सांगेल तसं कर. त्याला तो किनारा पाठ आहे."

दुपारी तिचा फोन आला.

"मम्मी, बॉर्डरवर ट्रेन कॅन्सल झाली. स्ट्राइक आहे. बट डोन्ट वरी, मामा आलेत मला घ्यायला!"

मला रडूच फुटलं. "बरा झाला? दे त्याला फोन."

"ते बोलत नाहीत... फक्त हात धरलाय. खूप थंड आहे त्यांचा हात."

"अगं, मग आता येणार कशाने?"

"बोटीने. ते दाखवतायत ना... समोरच आहे."

तेवढ्यात इंद्रजितचा मोबाईल वाजला. हॉस्पिटल होतं.

सम्यक सकाळीच गेला होता.

"मनाली, हात सोड त्याचा!" मी किंचाळले.

"पण तूच म्हणालीस ना, मामा सांगतील तसं कर..."

मग नुसती घरघर... आणि फोन तुटला.

सरहद्दीवरच्या त्या गावातून जिनोआला बोट जातच नाही. इंद्रजितने सगळीकडे शोधून पाहिलं. कधीच जात नव्हती.

पोलिसांनी धक्क्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण पाठवलं. मनाली एकटीच चालतेय. एक हात पुढे ताणलेला, लहान पोराला कोणी ओढत न्यावं तसा. धक्का संपतो... आणि ती पुढे पाऊल टाकते.

समुद्रात काही सापडलं नाही.

इंद्रजित म्हणतो, तिचा नंबर बंद करू या. मी करू देत नाही. कधी कधी भर दुपारी त्या नंबरवरून फोन येतो. उचलला की इंजिनाची घरघर... आणि त्यामागे माझी पोर, दमलेली, कोणाला तरी विचारत असते.

"मामा, अजून किती लांब?"

मी हाका मारते. तिला ऐकू जात नाही.