पान दोनशे बारा

"मॅडम, अहवाल चोरीला गेलाय!"

सकाळचे साडेअकरा. संदर्भ विभागात मोठ्याने बोलायला बंदी होती आणि ती घालणाऱ्या ग्रंथपालबाई समोरच बसल्या होत्या. मुलं त्यांना पाठीमागे 'शूऽ मॅडम' म्हणत. आज मात्र त्यांचं बोट ओठांवर गेलं नाही. समोरच्या संशोधिकेच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तिच्या हातात संपादकांचं पत्र होतं. तिचा शोधनिबंध शहरातल्या जुन्या विहिरींच्या एका टंकलिखित अहवालावर उभा होता, आणि त्याची एकुलती एक प्रत याच ग्रंथालयात होती. 'पान दोनशे बाराची छायाप्रत आज पाचपर्यंत पाठवा. अन्यथा आकडे बनावट समजले जातील.' निबंध बनावट ठरला की पदवीही गेली. घरदार सांभाळून केलेलं सात वर्षांचं काम!

"फोटो नाही काढलात?"

"काढू देता का तुम्ही?"

तो नियमही बाईंचाच. इथे जे हवं ते पेन्सिलीने उतरवून घ्यायचं.

"शेवटचा कधी पाहिलात?"

"शुक्रवारी. वाचून जागेवर ठेवला."

"संशय कोणावर?"

"दुसरा कोण? तो चष्मेवाला! माझ्याच विषयात घुसलाय मेला."

खिडकीशी वाचत बसलेल्या चष्मेवाल्या संशोधकाला बाईंनी बोलावलं.

"विहिरींचा अहवाल तुमच्याकडे आहे?"

"माझ्याकडे? अहो, दोन महिने मीच त्याच्यासाठी डोकं फोडतोय! 'जागेवर सापडत नाही' अशा तीन चिठ्ठ्या दिल्यात. मामांना विचारा."

शिपाईमामांनी मान डोलावली आणि टाचणीला लावलेल्या तिन्ही चिठ्ठ्या काढून दिल्या. पहिली खरंच दोन महिन्यांपूर्वीची होती. चिठ्ठ्यांवर बाईंनी तेव्हा नुसती नजर टाकली होती, एवढंच त्यांना आठवलं.

त्यांनी संगणकात पाहिलं. इथलं पुस्तक टेबलावर वाचायला घेतलं तरी नोंद करायची आणि त्याच्या मागच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारून घ्यायचा, अशी पद्धत होती. अहवालाच्या नावावर दहा वर्षांत एकही नोंद नव्हती.

बाई उठून मागच्या भिंतीपाशी गेल्या. शेवटच्या कपाटाचा तळचा खण रिकामा होता.

"मामा, हा कधी रिकामा केलात?"

"शनिवारी. या कपाटातली, दहा वर्षांत शिक्का न पडलेली सगळी पुस्तकं बाद करायला तुम्हीच सांगितलंत ना? मी क्रमांक उतरवले, तुम्ही सही केलीत, गाडी आली नि घेऊन गेली."

बाईंनी यादी मागवली. एकशे चाळीस क्रमांक, नाव एकाचंही नाही. त्यांचं बोट चौथ्या पानावर अहवालाच्या क्रमांकापाशी थांबलं. त्यांनी एक फोन केला, दोन मिनिटं नुसतं ऐकलं आणि तो खाली ठेवला.

"चोरी झालीच नाही," त्या संशोधिकेला म्हणाल्या. "यांना दोन महिने अहवाल जागेवर दिसत नाही, आणि तुम्हाला शुक्रवारी मिळतो. म्हणजे तो जागेवर नव्हता, आणि कुठे आहे ते एकट्या तुम्हाला माहीत होतं. यांच्या हाती लागू नये म्हणून जिथे कोणी फिरकत नाही त्या कपाटात तुम्ही तो दडवलात. सापडला त्या दिवसापासून रोज तिथूनच काढलात. नोंद केली असती तर यांना सुगावा लागला असता, म्हणून नोंद नाही. नोंद नाही म्हणून शिक्का नाही. मामांनी मागची चिठ्ठी पाहिली, ती कोरी."

संशोधिकेने हातातलं पत्र टेबलावर ठेवलं. "निबंध छापून आला की जागेवर ठेवणार होते हो! यांच्या आधी माझा यावा, एवढंच वाटत होतं. पण... अजून आणता येईल ना?"

"कागद कारखान्यालाच फोन केला होता. सोमवारी लगदा झाला."

चष्मेवाल्याने चष्मा काढून डोळे पुसले. अहवाल त्याचाही गेला होता.

"गुन्हेगार एकट्या तुम्ही नाही," बाई म्हणाल्या. यादीचं शेवटचं पान त्यांनी तिच्यापुढे सरकवलं. "ही सही माझी आहे. नावं न विचारता केलेली."

त्यांनी कोरा कागद ओढला. अहवाल इथे होता, आमच्या चुकीने नष्ट झाला, असं संपादकांना लिहायला घेतलं. संशोधिकेने पेन्सिलीने भरलेली वही उघडून पुढे केली.

"मॅडम, दोनशे बारा पानावर हेच आकडे होते, एवढं लिहाल?"

बाईंचा हात थांबला.

"कसं लिहू? तीस वर्षं तो माझ्या ताब्यात होता. मी एकदाही उघडला नाही."