पाणक्याची रात्रपाळी

नवव्या ग्रीनला पाणी सोडून यायचं, एवढंच काम होतं. चावी फिरवायची, फवारा सुरू झाला की बादली पालथी घालून तासभर बसायचं, चावी बंद करायची आणि घरी जाऊन झोपायचं. यात भ्यायचं काय आहे? तुम्हीही आज तेच करायला आला आहात.

असं म्हणून मुकादमकाकांनी यंत्रशेडच्या दारातली खुर्ची जराशी आत ओढली. वीज गेली होती, पंप बंद होते, आणि रात्रपाळीला आलेली तिन्ही नवी मुलं गवत कापायच्या यंत्रांवर बसून पाय हलवत होती.

"भ्यायचं नाही, तर सांगताय कशाला?" त्यातला एक म्हणाला.

"वीज येईपर्यंत तुला डुलकी लागू नये म्हणून. ज्याच्यावर हे ओढवलं त्याच्याच तोंडून ऐकलंय. ऐकायचं तर ऐक, नाहीतर पंपाला तेल घाल."

कुणी उठलं नाही.

गोष्ट गवत्याची. नाव त्याचं दुसरं होतं, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. लांब परदेशात राहून शिकून आला, आणि आजोबांनी विचारलं, "काय शिकलास?" तर म्हणाला, "गवत." आजोबा म्हणाले, "आमची म्हैस न शिकता ओळखते." बरं, गवत तरी कुठलं? हरळी. जी उपटता उपटता बापजाद्यांच्या कंबरा मोडल्या, ती लावायला हा सातासमुद्रापार शिकून आलेला. आला तो थेट या गोल्फच्या मैदानावर मोठा साहेब म्हणून, पण साहेबासारखा कधी बसला नाही. गुडघे कायम मातीत.

मैदान जिवंत आहे, त्याला माणसासारखं सांभाळा, हे त्याचं एकच पालुपद. पावसाळ्यात गवत तरारलं म्हणून सगळे खूश, तर हा खिळ्यांचं यंत्र फिरवून ग्रीनला भोकं पाडत सुटला. ग्रीन म्हणजे तो गालिचा, ज्यावर हे लोक चेंडू हळूच ढकलून भोकात घालतात. गालिच्याची चाळणी झालेली बघून सभासदांच्या तोंडचं पाणी पळालं. "मुळांना श्वास नको का?" हा म्हणाला, आणि वर वाळू पसरली. थंडीत पहाटे सगळ्यांना उठवायचा आणि लांब काठ्यांनी गवतावरचं दव झटकायला लावायचा, दव साचलं की बुरशी धरते म्हणून. लोक म्हणायचे, साहेब गवताचं तोंड धुतात, आता दातही घासतील. पण हिवाळा सरेपर्यंत ग्रीन असे काही दाट झाले, की बोलणाऱ्यांनी हात टेकले.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. मैदानाला पाणी येतं वरच्या तळ्यातून. त्याच तळ्यातून एक नळ खाली कामगारांच्या वस्तीला जायचा. मैदानाला पाणी पुरत नाही म्हणून क्लबच्या कमिटीने तो नळ काही वर्षांपूर्वी बंद केला होता. वस्ती टँकरवर. दिवसभर ज्यांनी गवताला पाजायचं, त्यांनीच संध्याकाळी हंडा घेऊन टँकरमागे धावायचं. गवत्याला हे बघवेना. तो कमिटीपुढे जाऊन उभा राहिला.

"कडेची सगळी हिरवळ वाळू देतो," म्हणाला. "फक्त नऊ ग्रीन जगवतो, निम्म्या पाण्यात. पाऊस लागेपर्यंत नवाच्या नऊ जगले, तर राहिलेलं निम्मं पाणी वस्तीचं. कायमचं."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "आणि मेले तर? वाचलेलं पाणी तोवर तळ्यातच राहील, वेळ आली तर हाताशी हवं. पावसाआधी तू वस्तीची चावी उघडलीस, तर तू घरी आणि करार रद्द."

गवत्याने शब्द दिला. असा माणूस शब्द देतो तेव्हा तो स्वतःलाच बांधून घेतो. त्या दिवसापासून त्याची झोप गेली. दिवसा गवत चाचपायचा, रात्री मैदानभर फिरायचा. वर तळ्यात पाणी चमकतंय, खाली वस्तीत भांडी वाजतायत, आणि हा मधल्या उतारावर येरझाऱ्या घालतोय.

"आणि पाणक्या कोण?" दुसऱ्या मुलाने विचारलं.

येतोय, येतोय. पाणक्याला घाई नसते.

वस्तीची ती चावी बंद केली होती पाणक्याने. हुकूम कमिटीचा, हात त्याचे. वीसेक वर्षं मैदानाचं रात्रीचं पाणी त्याच्याकडे होतं, आणि राहायचा वस्तीत. म्हणजे स्वतःच्या घराचं पाणी त्याने स्वतः तोडलं. कुणाशी बोलला नाही. त्याच उन्हाळ्यात एका सकाळी नवव्या ग्रीनवर मेलेला सापडला. फवारा रात्रभर त्याच्या अंगावर पडत होता. कपडे पिळले तर बादली भरली असती. ओठ मात्र फुटलेले, आणि जीभ लाकडासारखी कोरडी. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. रात्री कसलं ऊन, ते कुणी विचारलं नाही.

गवत्याने हे ऐकलं होतं. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. पण त्या माणसावर अन्याय झाला, एवढं तो म्हणायचा.

तर मे महिन्याची अठ्ठावीस तारीख. सोमवारची रात्र. चंद्र नाही, वारा नाही, अंगाला कपडा चिकटतोय. पाणी द्यायचा गडी तापाने पडलेला, म्हणून गवत्या स्वतः निघाला. फाटकापाशी पाणक्याची बायको बसली होती, दोन रिकामे हंडे जवळ घेऊन. तिला सगळे आक्का म्हणायचे.

"आक्का, अजून बसलात?"

"टँकर येतोय."

"कधी?"

"ते टँकरला विचार बाबा. मला सांगून निघत नाही तो."

"पंधरा दिवस कळ काढा, आक्का. पाऊस लागला की पाणी तुमचं."

"पावसात आभाळ देतंच की रे. तेव्हा तुझ्या पाण्याने काय करू, पाय धुऊ?"

"पुढच्या उन्हाळ्याला..."

"पुढचा उन्हाळा ज्याला दिसेल, त्याला दे." ती रागावलीही नव्हती, आणि तेच त्याला जास्त लागलं. "जा तू. गवत वाट बघत असेल."

तो गेला. नवव्या ग्रीनवर पोचला तेव्हा पावणेबारा झाले होते. चावी फिरवली. ग्रीनच्या पलीकडच्या बाजूला तो मोठा फवारा आहे बघा, गोल फिरणारा, तो टक टक टक करत फिरायला लागला. अलीकडे, जिथे पाणी पोचत नाही, तिथे चावीशेजारी हा बादली पालथी घालून बसला. विजेरी विझवली. पाण्याच्या आवाजावरून त्याला सगळं कळायचं. गवतावर पडलं की सर्र. वाळूच्या खड्ड्यावर पडलं की भस्स. झुडपांवर पडलं की तडतड. एक फेरी पुरी झाली की पुन्हा पहिल्यापासून. सर्र, भस्स, तडतड.

तीन-चार फेऱ्या झाल्या. मग मध्येच एक नवा आवाज आला.

थप.

दोरीवर वाळत घातलेल्या गोधडीवर पाणी मारावं, तसा. जड. सर्र, भस्स, थप, तडतड. गवत्याला वाटलं, कुणीतरी पोतं टाकून गेलंय. विजेरी लावली. ग्रीन मोकळा. झेंडा, भोक, ओलं गवत. काही नाही. विझवली.

पुढची फेरी. सर्र, थप, भस्स.

जागा बदलली होती.

"कुत्रं असेल, काका," पहिला मुलगा म्हणाला. आवाज जरा बारीक झाला होता.

कुत्र्यावर पाणी पडलं की कुत्रं अंग झटकतं. पळतं. हे झटकत नव्हतं. उभं होतं. पाणी यायचं, अंगावर पडायचं, पुढे जायचं. आणि पाणी पुढे गेलं की... ते एक पाऊल टाकायचं.

प्रत्येक फेरीला आवाज अलीकडे येत होता. झेंड्यापाशी. मग झेंड्याच्या अलीकडे. मग ग्रीनच्या काठाला.

थप.

गवत्या उठून उभा राहिला. "कोण आहे?"

टक टक टक... पाणी वळलं. लांब गेलं. परत यायला लागलं. तो कान देऊन थांबला. आता. आता पडेल.

पडलं नाही. नुसतं सर्र करत पुढे गेलं.

म्हणजे जे काही होतं, ते पाण्याच्या बाहेर आलं होतं. अलीकडे. त्याच्या बाजूला.

त्याने हात लांब करून चावी बंद केली. कशी केली, त्याला आठवत नाही. फवारा थांबला. सगळं शांत...

टप.

बादलीच्या पत्र्यावर. त्याच्या गुडघ्याशेजारी.

टप... टप...

विजेरी लावायची हिंमत होईना. मग लावली. कुणी नाही. बादलीवर तीन थेंब. पायवाटेवर एक ओला ठिपका. त्याच्यापुढे दुसरा. तापलेल्या मातीत पहिला विरला, तेवढ्यात तिसरा पडला. ठिपके उतारावरून खाली निघाले होते, सावकाश, रोजच्या वाटेने जावं तसे.

त्याला वर घराकडे पळता आलं असतं. तो खाली गेला. मला विचाराल तर तो त्या रात्री घाबरला होताच, पण आठवडेच्या आठवडे त्याला जे छळत होतं ते या भीतीहून मोठं होतं. पुढे टप, मागे हा.

ठिपके थांबले ते वस्तीच्या नळाच्या हौदीपाशी. विटांची हौदी, आत चावीचं लोखंडी चाक. हौदीवरचं झाकण बाजूला पडलेलं. एरवी ते उचलायला दोन माणसं लागतात. आत चाक, तांबड्या गंजाने फुगलेलं.

टप थांबलं.

"नाही," गवत्या अंधाराला म्हणाला. "शब्द दिलाय. पंधरा दिवस."

...

"आत्ता उघडली तर सगळंच जाईल. पुढचंही."

...

"पंधराच दिवस हो."

वारा नाही. खाली वस्तीत कुणीतरी रिकाम्या हंड्याच्या तळाला तांब्या घासला. खर्र. थोडं थांबून पुन्हा, खर्र. एवढंच.

गवत्या हौदीत उतरला. चाक धरलं. जोर लावला. हलेना. पाय भिंतीला टेकवून लावला. हाताची सालं निघाली. हलेना. त्याने श्वास घ्यायला जोर सोडला...

आणि चाक फिरलं.

त्याचे हात चाकावर होते. जोर त्याचा नव्हता. दोन्ही मनगटांना बाहेरच्या बाजूने काहीतरी लागत होतं. गार. ओल्या बाहीसारखं. चाक एक फेरा फिरलं. दुसरा. मानेवर थेंब पडला. त्याने वर पाहिलं नाही. तिसरा फेरा. नळाच्या पोटात गुरगुर झाली. खाली वस्तीत एक तोटी खोकली, थुंकली, वाहायला लागली. कुत्री भुंकली. दारं उघडली. आणि फाटकाकडून आक्काचा आवाज आला. ओरडली नाही ती. नुसतं म्हणाली, "आलं."

त्याच्या मनगटांवरचा गारवा गेला होता.

पहाटे तो या शेडमध्ये आला, इथेच बसला, आणि हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. पुढ्यातला चहा निवून गेला.

"मग कमिटीने काय केलं?"

करायचं ते केलं. दुपारी सभा झाली. अध्यक्ष म्हणाले, शब्द मोडलास. हा म्हणाला, मोडला, त्याबद्दल काय ते करा, पाणी मात्र मी बंद करणार नाही. संध्याकाळी सामान बांधून गेला. नवाच्या नऊ ग्रीन पाऊस लागेपर्यंत हिरवेगार राहिले, ते बघायला तो इथे नव्हता. धीर धरला असता तर नोकरीही राहिली असती, असं अध्यक्ष अजून म्हणतात. त्या पंधरा दिवसांत टँकर दोनदाच आला, हे ते म्हणत नाहीत.

चावी बंद करायला त्यांनी दोन माणसं पाठवली होती. चाकात पहार घालून दोघे लोंबकळले. पहार वाकली. त्यात वस्तीतल्या बाया हौदीभोवती हंडे घेऊन उभ्या. शेवटी अध्यक्षच म्हणाले, पावसानंतर बघू. अजून बघतायत. नळ चालू आहे.

पंप घरघरले. वीज आली होती. पण मुलं जागची हलली नाहीत.

"आणि चाक?" आतापर्यंत गप्प बसलेल्या तिसऱ्याने विचारलं.

चाक तिथेच आहे. त्या सकाळी आम्ही दोघं झाकण लावायला गेलो तेव्हा बघितलं. सगळं चाक तांबडं, आणि त्यावर हाताच्या पकडीएवढ्या चार जागा घासून लखलखीत झालेल्या. दोन आत, जवळ जवळ. दोन त्यांच्या बाहेर, रुंद. आतल्या दोन त्याच पावसाळ्यात गंजून गेल्या. बाहेरच्या दोन... आम्ही त्यांच्यावर दोनदा रंग मारला. दोन्ही वेळा आठवड्याभरात तेवढाच निघाला. बाकी चाकावर टिकून आहे. त्या दोन जागी लोखंड आजही उघडं आहे, रोज कुणीतरी धरत असल्यासारखं गुळगुळीत, आणि भर उन्हाळ्यात हात लावला तर ओलं लागतं.