चौथा माणूस कुठं गेला?

"आजोबा, तोफ एवढी अजस्र आणि बसायला माणसं तीनच? मग गोळा भरतो कोण?"

केतकीनं टी-७२ रणगाड्याच्या प्रतिकृतीचं झाकण उचकटलं होतं. तिचे बाबा असाच रणगाडा घेऊन शांतिसेनेत गेले होते. बऱ्याच देशांनी केव्हाच भंगारात काढलेली ही सोव्हिएत जात तिथं अजून राबत होती.

आजोबा जन्मभर रणगाड्यांच्या प्रयोगशाळेत खपलेले. ते लगेच खुलले. "गोळा भरणाऱ्या चौथ्याला सोव्हिएत लोकांनी घरी बसवलं! त्याच्या जागी स्वयंभरक (आपोआप गोळा भरणारं यंत्र) आणलं. जागा वाचली, रणगाडा बुटका नि हलका झाला. बुटका रणगाडा शत्रूला चटकन दिसत नाही. म्हणून हजारोंनी बनले, देशोदेशी लढले. गोळे असतात पायाखालच्या फिरत्या चकतीत."

"पायाखाली?"

आजोबांचं हसू मावळलं. "हो. सोबत प्रणोदक (गोळ्याला ढकलणारी दारू). ते पेटलं की भसाभस वायू होतो. शिट्टी तुंबलेल्या कुकरचं काय होतं? तसा तोफेसकट वरचा बुरूज उडतो. आतलं कुणी वाचत नाही. चकती तळाशी असते, तिथवर मारा सहसा पोचत नाही, एवढाच दिलासा."

तेवढ्यात बाबांचा कॉल आला, भिंतीवरच्या पडद्यावर ते उमटले. "अण्णा, चकती भरून उरलेले गोळे सीटमागे, फटीफटीत कोंबलेत. सगळेच कोंबतात."

"उतरव ते, माधव! आत्ताच्या आत्ता!"

"आणि गोळे संपले तर?"

"संपले तर माघारी ये. येता तरी येईल!"

बाबांच्या तुकडीतल्या दोन रणगाड्यांवर मारा झाल्याची बातमी त्याच आठवड्यात आली. घरात चूल पेटली नाही. संध्याकाळी बाबा पडद्यावर दिसले, तोंड काजळीनं माखलेलं.

"उतरवले होते, अण्णा. आग लागली, पण तिघंही बाहेर पडलो. शेजारच्या रणगाड्यातल्या थोरातलाही सांगितलं होतं. तो हसला." त्यांनी तोंडावरची काजळी पुसली. "त्याचा बुरूज उडाला."

केतकीला रडू कोसळलं. थोरातकाकांनी तिला मागच्या सुट्टीत सायकल शिकवली होती.

प्रतिकृती पुन्हा उघडून ती म्हणाली, "गोळ्यांना वेगळी खोली द्यायची. मध्ये जाड भिंत, वर मुद्दाम कच्चं छत. स्फोट झाला तर छत उडेल, माणसं नाहीत."

"काही रणगाड्यांत तसं असतं. याच्यात तेवढी जागाच ठेवली नाही," आजोबा म्हणाले.

"मग रणगाडा मोठा करायचा."

आजोबांनी कोरा कागद पुढं सरकवला. "कर. पण आधी माणसं बसव, मग तोफ."

केतकीनं डोळे पुसले आणि आधी तीन खुर्च्या काढल्या.