पाचव्या वळणावरची लबाडी

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्या गाडीखाली पालथा पडला होता. गाडीने त्याला पाडलं नव्हतं. मी उडवलेला एक नारिंगी कोन गाडीच्या पोटाखाली अडकला होता आणि हा गृहस्थ तो ओढून काढत होता.

"निघाला," खालून आवाज आला. मग कोपरांना धूळ लागलेला एक उंच माणूस उभा राहिला आणि हातातल्या कोनाकडे बघत म्हणाला, "हा सहावा. यांच्याशी तुमचं काही जुनं वैर आहे का?"

"तुम्ही रस्ताच अरुंद मांडलाय."

"सगळ्यांना तोच होता हो."

रिकाम्या वाहनतळावर कोन मांडून नागमोडी रस्ता करायचा आणि एकेका गाडीने तो घड्याळ लावून पार करायचा, याला ऑटोक्रॉस म्हणतात. मी दातांची डॉक्टर. गाडी दादाची. तो नोकरीसाठी समुद्रापलीकडे गेला आणि जाताना ही लांब नाकाची, टर्बो बसवलेली मसल कार माझ्या गळ्यात मारून गेला. आई तिला रेडा म्हणते. पाय दाबला की रेडा क्षणभर विचार करतो आणि मग असा सुटतो, की डोकं सीटवर आपटतं. त्या क्षणभरात मी घाबरून आणखी दाबायचे. सहा कोनांचं रहस्य एवढंच.

"सर्किटवर या," तो म्हणाला. "तिथे जागा भरपूर आहे. मोठ्या रस्त्यावर शिका, मग येऊन कोनांचा सूड घ्या."

एरवी तो इमारतींच्या लिफ्ट तपासायचा. महिन्यातल्या एका रविवारी मात्र शर्यतीच्या रस्त्यावर नवख्यांना शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. तिथला नियम साधा होता. शिक्षक शेजारच्या सीटवर बसून शिकवणार. शिकणारा तयार झाला की त्याच्या कार्डावर सही करणार आणि उतरणार. त्यानंतर शेजारची सीट रिकामी. तिथे कुणालाही बसता येत नाही.

दोघांच्या हेल्मेटना जोडणारी एक वायर असते. त्याचा आवाज थेट माझ्या कानात यायचा, तोही शांत, लिफ्टमधून मजला विचारावा तसा.

सर्किटवरचं पाचवं वळण लांब सरळ रस्त्यानंतर येतं. आधी दोनशेची पाटी, मग शंभरची. वळण किती मीटरवर आहे ते त्या सांगतात. ब्रेक लावायचा तो शंभरला. नवखे घाबरून दोनशेलाच लावतात.

"अजून नाही..." तो म्हणायचा. "अजून नाही... आता!"

तिसऱ्या रविवारी मला ते जमलं. रेडा नाक खाली करून लोण्यासारखा वळला. शेजारून इतका आनंदी आवाज आला, की मी एकदम त्याच्याकडे बघितलं.

"समोर बघा!" तो हसत ओरडला. "असंच आणखी दोनदा... की मी सही करतो आणि उतरतो."

तो उतरला की शेजारची सीट कायमची रिकामी. पुढच्या फेरीत मी दोनशेच्या पाटीलाच ब्रेक लावला. हे मी ठरवून केलं नाही, असं बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. पण पाय माझाच होता.

मग चटकच लागली. चौथ्या रविवारी दोनशे, पाचव्या रविवारी दोनशे. बाकीची सगळी वळणं झकास, पाचवं आलं की घोडं अडलं.

"तुम्हाला कळतं, पण वळत नाही," तो सुस्कारा टाकून म्हणाला.

"मास्तर कच्चे असतील."

हे मी गमतीने म्हणाले होते. तो हसला नाही, हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. माझ्या खुर्चीत बसून लोक रोज सांगतात, दोनदा घासतो, डॉक्टर. तोंड उघडलं की खरं कळतं. मला मात्र कुणी तोंड उघडायला सांगत नव्हतं.

सहाव्या रविवारी जेवणाच्या सुट्टीत तो मला चालत पाचव्या वळणावर घेऊन गेला. पाऊस भुरभुरत होता. छत्री एकच होती, त्याच्या हातात, आणि बरीचशी माझ्या डोक्यावर.

शंभरच्या पाटीशी त्याने मला उभं केलं. "इथून काय दिसतं?"

"तुम्ही."

"माझ्या... माझ्या पलीकडे."

"एक झाड."

"त्या झाडाकडे बघायचं."

"आणि तुमच्याकडे कधी?"

तो खोकला. कानाची पाळी लाल झाली होती. "ब्रेक लावून झाल्यावर," तो म्हणाला, आणि मी आणखी काही बोलायच्या आत परत निघाला. त्याचा डावा खांदा पार भिजला होता. मला तो आवडत होता. त्यात काही गूढ नव्हतं.

सातव्या रविवारी दुपारी मावशीने मला हाक मारली. सर्किटवरची घड्याळं आणि कार्डं ती सांभाळते, म्हणून ती सगळ्यांचीच मावशी.

"पुढच्या वेळेपासून तुला दुसरा शिक्षक देते गं. मास्तर शिकवणं सोडतोय."

"का?"

"म्हणतो, एका बाईला एक वळण चार महिन्यांत शिकवता आलं नाही. अशा माणसाने दुसऱ्याच्या जिवाशी खेळू नये." मावशीने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अकरा वर्षं शिकवतोय. आजवर एकाला साधं खरचटलं नाही. मी समजावून थकले बघ."

मला त्याची सीट हवी होती, आणि मी त्याचं शिकवणंच काढून घेतलं होतं. मला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

त्या दिवसाच्या शेवटच्या सत्रात तो शेजारी बसला, पट्टा ओढला, वायर जोडली. मी निघाले. सरळ रस्ता आला, टर्बोची शीळ चढली, दोनशेची पाटी मागे गेली. त्याने तोंड उघडलं असेल, पण "अजून नाही" आलं नाही. शंभरला मी ब्रेक लावला, नजर झाडावर टाकली आणि वळले. पुढच्या फेरीत पुन्हा. तिसऱ्यांदा पुन्हा, अगदी वीतभराचाही फरक नाही.

कानात नुसता श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "गाडी आत घ्या."

मी सर्किट सोडून गाडी आत घेतली आणि थांबवली. त्याने हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते.

"कधीपासून येतंय?"

"तिसऱ्या रविवारपासून."

"मी घरी भिंतीवर हे वळण काढून ठेवलंय," तो हळू आवाजात म्हणाला. "रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसतो. माझं काय चुकतंय... आई विचारते, भिंतीवर हा साप कशाला काढलास?"

मला हसू आलं नाही. "तुमचं काहीच चुकलं नाही. सही झाली असती तर तुम्ही उतरला असता. मला तुम्ही शेजारी हवे होतात. चूक माझी आहे, ती तुमच्या नावावर लावू नका. शिकवणं सोडू नका."

कार्ड मांडीवर घेऊन त्याने सही केली, तारीख घातली, वायर काढली आणि उतरला. दार मात्र जोरात लावलं.

"वीस मिनिटं उरलीयत," खिडकीतून तो म्हणाला. "जा."

मी एकटी गेले. सहा फेऱ्या मारल्या, एकही चुकली नाही, आणि एकीतही मजा आली नाही. परत येताना बघते, तर मावशीने त्याला एका नवख्या आजोबांच्या पिवळ्या गाडीत कोंबलं होतं. आजोबा स्टिअरिंगला घट्ट बिलगले होते आणि तो हाताने हवेत वळण काढून दाखवत होता. मी गाडीतच बसून पोटभर रडले. तो पुन्हा शिकवत होता, माझ्याशी कधी बोलला नाही तरी चालणार होतं.

सामान आवरत असताना तो आला. काही अंतर ठेवून उभा राहिला.

"आता तुम्ही माझ्या विद्यार्थिनी नाही."

"नाही."

"शिकवत असेपर्यंत कुणाला काही विचारायचं नाही, असा मी स्वतःपुरता नियम केलाय. गाडीत बसलेल्या माणसाला मला नाही म्हणायची भीती वाटता कामा नये." त्याने घसा साफ केला. "तिसऱ्या रविवारी तुम्ही ते वळण घेतलंत ना... मी त्याच दुपारी एका ठिकाणी फोन करून दोघांसाठी टेबल सांगून ठेवलं होतं."

ज्या सहीला मी चार महिने घाबरत होते, ती द्यायची घाई त्याला माझ्याच कारणाने झाली होती.

"मग आता विचारा ना," मी म्हणाले.

"नाही विचारणार. रागावलोय मी."

"किती वेळ रागावणार?"

"जेवण होईपर्यंत तरी."

"मग जेवायला जाऊ या."

तो खरोखरच रागावलेला राहिला. सूप आलं तरी गप्प, सूप संपलं तरी गप्प. मग चमचा खाली ठेवून त्याने विचारलं, "खरंच चार महिने?"

"खरंच."

"वेडी आहेस तू," तो म्हणाला, आणि माझा हात हातात घेतल्यावर पुढे रागवायचं विसरून गेला.