तळाचा डाग

भुताला मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. आता भूत कधी समोर आलंच नाही, आणि अंधार पडला की मी एकटा बाथरूमलाही जात नाही, ते सोडा. पण ही गोष्ट माझ्या साडूची आहे, म्हणजे तुमच्या मामीच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची. त्याला सगळे घाशा म्हणतात, कारण तो पूल घासतो. ए, हसू नकोस. पूल म्हणजे ओलांडायचा नव्हे, पोहायचा. फायबरचा, जमिनीत पुरलेल्या भल्यामोठ्या बाथटबसारखा.

गेल्या वर्षी एकवीस मार्चला, शुक्रवारी, तो एका निवृत्त डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यावर डाग काढायला गेला. अकरा वर्षं तिथला पूल त्याच्याकडेच. पाण्याच्या कडेची तेलकट रेघ रोज मऊ फडक्याने पुसायची, पाला कुजायच्या आत काढायचा, मग फायबर डाग धरत नाही, असं तो छाती ठोकून सांगायचा. आणि आता खोल बाजूला, तळाशी, ताटाएवढा तपकिरी डाग.

"उद्या सातला नातवंडं उतरणार आहेत," बाई म्हणाल्या. "तो डाग दिसला, तर मी दुसरा माणूस बघते."

घाशाने मोज्यात व्हिटॅमिन सीच्या गोळ्या भरल्या, मोजा काठीला बांधला आणि डागावर दाबून धरला. लोखंडाचा डाग असता तर फिका झाला असता. मग क्लोरीनची वडी लावली. पाल्याचा असता तर गेला असता. डाग ढिम्म.

"मग आहे तरी कशाचा?"

"बघतो," घाशा म्हणाला. काही कळेनासं झालं की तो हेच म्हणतो. मुलगी पसंत आहे का विचारलं, तेव्हाही हेच म्हणाला होता.

बाई झोपायला गेल्या आणि त्याने करू नये ते केलं. पंप लावून पूल रिकामा केला. फायबरचा पूल पाण्याच्या वजनाने जमिनीत दबून राहतो. पाणी काढलं की जमिनीतलं पाणी त्याला खालून वर ढकलतं. घाशा हे दुसऱ्यांना शिकवतो. पण अकरा वर्षांचं काम हातचं जायला लागलं की माणूस स्वतःचंही ऐकत नाही.

पावणेदोनला तो अनवाणी तळात उतरला. बुटांनी ओरखडे पडतात. वास आला... खवट तेलाचा, ओल्या केसांचा, आठवडाभर न सोडलेल्या बँडेजचा. डाग आता परातीएवढा झाला होता. स्पंजने चोळला. स्पंज बुळबुळीत. पिळला, तर बोटांमधून पिवळट, कोमट शेंबूड ओघळला. त्यात एक केस. ओढला... ओढत राहिला... संपेना.

तू जेवलीस ना? मग ऐक.

नखाने खरवडून पाहिलं. नख काचेवरून घसरावं तसं घसरलं. डाग वर नव्हताच. आतून होता. पलीकडून.

खाली पोकळ झालंय का, म्हणून त्याने बोटाने वाजवलं. टक टक.

थांबला.

खालून... टक टक.

तो उठून उभा राहिला. घाईत, डागावरच. तळ कोमट लागला. मऊ. श्वास घेतलेल्या पोटासारखा वर आला... खाली गेला...

पुन्हा वर.

शिडी कशी गाठली, त्याला आठवत नाही. पाणी भरायचे दोन्ही जाड पाइप आत सोडले आणि पाणी चढताना बघत उजाडेपर्यंत काठावर बसला.

सातला बाई आल्या. पाणी निळंशार. डाग गायब.

"बघा, मनावर घेतलं की होतं," बाई म्हणाल्या. नातवंडांनी धडाधड उड्या मारल्या. काम वाचलं.

घरी आल्यावर बायकोला त्याचे तळवे दिसले. दोन्हींवर तपकिरी ठसे. पावलांचेच, पण त्याच्या पावलांचे नव्हेत. लहान. टाचेला टाच, अंगठ्याला अंगठा, खालून कुणी पाय लावल्यासारखे. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं. ते जाईनात.

आठवड्याने मी गेलो, तर गडी पलंगावर पाय वर करून पडलेला. मी काय गप्प बसणार? म्हटलं, "अकरा वर्षं लोकांचे डाग काढलेस, आणि स्वतःचे पाय धुता येईनात होय?"

मेहुणी हसली नाही.

"एवढं हसू येतंय तर जवळ या, भावोजी," ती म्हणाली. "बोट लावून बघा. अजून ओले आहेत."