जिवंत मलम

२०२३ साल होतं. मे महिन्यात अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत हे घडलं.

"काकू, माझी वाट लागली! संध्याकाळी मला काढून टाकतायत." तिथेच काम करणारी, शेजारची अक्षता फोनवर रडत होती.

क्षमाने जन्मभर कॉलेजात जंतुशास्त्र शिकवलं होतं. तिने घाटकोपरहून रिक्षा पकडली.

आपल्या कातडीवर काही भले जंतू राहतात. ते बारीक प्रथिनं सोडून रोगजंतूंना मारतात. असे जिवंत जंतू मलमात घालून ही प्रयोगशाळा ते इसब झालेल्या मुलांना देत होती. मुलुंडच्या छोट्या श्रेयसचे हात मात्र मलम लावूनही चिघळले. तो इस्पितळात होता. त्याच्या डबीत एकही जंतू जिवंत सापडला नव्हता.

प्रमुख हर्षद क्षमाचाच जुना विद्यार्थी. अर्ध्या बाह्यांच्या शर्टात दारातच वाकला. "मॅडम, साधी गोष्ट आहे. हिने डबी फ्रिजबाहेर ठेवली. उकाड्याने जंतू मेले."

"नाही ठेवली!" अक्षता म्हणाली.

"फ्रिजची किल्ली कुणाकुणाकडे?"

"सरांकडे, माझ्याकडे आणि नितेशकडे."

डब्या घरपोच करणारा नितेश उसळला. "माझ्याकडे नका बघू हां! आत श्रीखंड असतं तर उघडली असती."

क्षमाने मलमाचा ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बराच वेळ पाहिलं.

"मढी कुठायत रे, हर्षद?"

"कसली मढी?"

"उकाड्याने मेलेले जंतूही दिसायला हवेत. इथे काहीच नाही. कुणीतरी जिवंत मलम काढून साधं भरलंय."

"म्हणजे चोरी! अक्षता, कुणाला विकलंस?"

"थांब. तिघेही हात पुढे करा."

तिघांच्या कोपरांच्या आतल्या बाजूंवरून तिने कापसाचे बोळे फिरवले आणि रोगजंतू पसरलेल्या काचेच्या बशांवर टेकवले. "उद्यापर्यंत पोरीला काढायचं नाही."

सकाळी दोन बशा सायीसारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. तिसरीत मात्र जागोजाग स्वच्छ, गोल वर्तुळं पडली होती. तिथे रोगजंतू मेले होते.

बशीवर हर्षदचं नाव होतं.

"असे जंतू कुणाच्याही अंगावर असतात, मॅडम."

"असतात. पण चार इकडे, चार तिकडे. इतके दाट चोळल्याशिवाय येत नाहीत. बीएस्सीला भर मे महिन्यात तू पूर्ण बाह्या घालायचास. तुझ्या लग्नात शेरवानीच्या बाहीवर रक्त आलं, ते तुझी आई पदराने झाकत होती. काल तुझे स्वच्छ कोपर दिसले आणि मनात पाल चुकचुकली."

हर्षदने दोन्ही कोपर तळहातांनी झाकले. "कर्मचाऱ्यांना हे औषध मिळत नाही, मॅडम. लहानपणापासून रात्रभर खाजवत जागतोय. या डबीने पहिल्यांदा झोप लागली."

"आणि त्या पोराची झोप? हिची नोकरी?"

हर्षदने खिशातली फ्रिजची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

श्रेयसला नवी डबी मिळाली; आता तो उघड्या हातांनी क्रिकेट खेळतो. अक्षता तिथेच कामाला आहे. नितेश दर पाडव्याला क्षमाकडे श्रीखंड आणतो आणि डबा उघडला नसल्याची शपथ घेतो. हर्षदने राजीनामा दिला; पुन्हा कुठल्याच प्रयोगशाळेने त्याला घेतलं नाही.

गेल्या मे महिन्यात तो क्षमाला सांताक्रूझच्या बाजारात दिसला. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट होता, मनगटापर्यंत बटणं लावलेला.